दुसरी सही

२४ जानेवारी, परतूर

वकील म्हणाले, आठवतं ते रोज लिहून ठेवा. तारीख घाला, खाडाखोड करू नका. म्हणून ही वही.

आधी झालं ते. अकरा तारखेला आमच्या कंपनीचं एक विमान हैदराबादहून उडालं. सतरा मिनिटांनी मागच्या गॅलीत, म्हणजे जेवण गरम करतात त्या जागी, धूर झाला. वैमानिकाने विमान परत आणलं. धावपट्टीवरच दारं उघडून घसरपट्ट्यांवरून माणसं उतरवली. एकशे बेचाळीस प्रवासी. बहुतेकांना खरचटलं. बावीस-सी सीटवरच्या बाई घसरपट्टीच्या तळाशी पडल्या आणि मागचा माणूस त्यांच्या अंगावर आला. खुब्याचं हाड मोडलं. त्या अजून दवाखान्यात आहेत.

कारण सापडलं आहे. ओव्हनकडे जाणाऱ्या वायरांचा जुडगा सांगाड्याच्या कडेला घासत होता. आवरण गेलं, तांबं उघडं पडलं, ठिणगी उडाली. जुडगा जागेवर धरणारा क्लॅम्प तेवीस डिसेंबरच्या पहाटे बदललेला. हवा होता त्यापेक्षा एक माप मोठा निघाला.

क्लॅम्प बसवला कल्याणने. तपासून सही केली मी. प्रत्येक कामाच्या कार्डावर दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. दुसरी सही माझी, तिच्याखाली माझा शिक्का.

चौकशी संपेपर्यंत दोघांनीही कामावर यायचं नाही. मी बाबांकडे आलो. बायको दैवशाला आणि मुलगी तृप्ती तिकडे, नोकरीच्या गावीच आहेत. तृप्तीचं बारावीचं वर्ष.

आमचे दोघांचे वकील एकच. त्यांनी सरळ सांगितलं. न बघता सही केली असेल तर माझा परवाना जाईल.

मी बघितलं होतं. गुडघ्यावर बसून, टॉर्च धरून. जुडगा घट्ट होता, हलत नव्हता. हे मला स्वच्छ आठवतं.

२६ जानेवारी

आई जाऊन चार वर्षं झाली. स्वयंपाक बाबाच करतात. वरणात मीठ जास्त पडतं, मी बोलत नाही.

शेजारचे अण्णासाहेब झेंडावंदनाहून येताना ओट्यावर थांबले. "इंजिनियर साहेब, लई दिवस मुक्काम?"

मी काही म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "विमानाची सुट्टी हाय ती. तुमच्या एसटीसारखी दोन दिसाची राहत न्हाई."

अण्णासाहेब एसटीतून निवृत्त झालेत. हसले आणि गेले. बाबांनी मला एकदाही काही विचारलेलं नाही.

२९ जानेवारी

कल्याण बदनापूरहून आला. तोही घरीच आहे. पायलने, त्याच्या बायकोने, खारोड्या दिल्या होत्या. तो खुर्चीवर बसेना, खालीच बसला.

सहा वर्षांपूर्वी मीच त्याला कंपनीत लावलं. त्याचे वडील बाबांबरोबर वीज मंडळात लाइनवर होते. हात चांगला आहे त्याचा. थोडी घाई करतो.

मी विचारलं, "चौकशी समितीसमोर काय सांगणार आहेस?"

"तुम्ही सांगाल तसं, सर."

"मी म्हणेन तसं कशाला? झालं ते सांग. मी बघितलं तेव्हा जुडगा घट्ट होता. टॉर्च धरून बघितलं मी. होतो ना मी तिथे?"

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा शेंगा सोलत होते.

"होते ना सर. टॉर्च तुमच्याच हातात होती."

"आणि घट्ट होता."

"बराबर. घट्ट होता." त्याने शेंगांची टरफलं गोळा केली. "मंग नंतरच काही झालं असंल, सर."

जाताना म्हणाला, "तृप्ती यंदा बारावीला ना?"

त्याचा आवाज बारीक झाला होता. चुकीचं वाईट वाटत असणार. दारापर्यंत जाऊन मी त्याला धीर दिला. आज बरं वाटलं. निदान साक्षीला एक माणूस आहे.

२ फेब्रुवारी

जेवताना बाबांनी पहिल्यांदा विचारलं.

"किती वाजता बघितलं तू ते?"

"पहाटे. पावणेपाचच्या सुमाराला. कार्डावर आहे वेळ."

"कार्डावर असंल. तू कुठं होता?"

मी म्हणालो, विमानात. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वेगळंच सुरू केलं. एकतीस वर्षं ते वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढायच्या आधी डीपीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. म्हणजे आपण वर असताना खाली कोणी लाइन सुरू करू शकत नाही.

"सोबत्याच्या हातात न्हाई द्यायचे. सख्ख्या भावाच्या बी न्हाई. भाऊ चांगलाच राह्यतो, पण त्याला कोणी हाक मारली तं तो फ्यूज ठिवून चहाला जातो."

मग हसले. "एकदा खिशातच राह्यले अन् मी मंठ्याला लग्नाला गेल्तो. आख्खं गाव अंधारात जेवलं. तुझ्या आईला बाया चार दिवस बोलल्या."

मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी.

५ फेब्रुवारी

आठवतं तसं लिहायचं ठरलंय, म्हणून हे लिहितो. पहिल्या दिवसाचं खोडत नाही.

गुडघ्यावर बसलो तेव्हा समोरच्या पत्र्याला चार स्क्रू होते. एकाचं डोकं झिजलेलं. स्क्रूड्रायव्हर घसरून माझ्या अंगठ्याला लागलं होतं. इतकं आठवतं.

त्या विमानाच्या गॅलीला स्क्रूचा पत्रा नाही. खटक्याने उघडणारं झाकण आहे. स्क्रूचे पत्रे जुन्या विमानांना. आमच्याकडे तशी दोन उरली आहेत.

कदाचित दोन्ही बघितली असतील. एका पाळीत सहा-सात विमानं होतात.

६ फेब्रुवारी

काही नाही. झोप नाही.

१० फेब्रुवारी

बाबा ओट्यावर पेपर मोठ्याने वाचतात. बाजारभाव, मग निधन. आज वाचता वाचता थांबले. पेपर माझ्याकडे दिला आणि आत गेले.

बावीस-सी वरच्या बाई गेल्या. आठ तारखेला, हैदराबादच्या दवाखान्यात. बसंतीबाई नाव. वय चौसष्ट. जालन्याच्या होत्या. बियाणांचं दुकान आहे त्यांचं. मी त्या रस्त्याने शंभर वेळा गेलो असेन. उठावणा, म्हणजे शोकाची बैठक, उद्या दुपारी तीन ते पाच.

नावासमोर फोटो होता. इतके दिवस मला फक्त सीट नंबर माहीत होता.

११ फेब्रुवारी

गेलो. का गेलो ते लिहिता येत नाही. बाबांना जालन्यात काम आहे एवढंच सांगितलं.

मंगल कार्यालयाचा हॉल. पांढऱ्या गाद्या, पुढे फोटो, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. कोणी फार बोलत नाही. लोक येतात, हात जोडतात, थोडं बसतात, उठतात. मी सगळ्यात मागे, चपलांजवळ बसलो. उठताना मुलापुढून जावंच लागतं. नमन त्याचं नाव. माझ्याहून लहान असेल.

त्याने माझे हात हातात घेतले. "कुठून आले तुम्ही?"

"परतूर."

"दुकानातल्या ओळखीचे?"

"नाही."

तो थांबला. मागे माणसं उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ते विमान."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "तुम्ही त्याच विमानात होते? अरे." त्याने हात आणखी घट्ट धरले. "आई सांगायची, शेजारी एक भले माणूस होते, पाणी दिलं त्यांनी. तुम्हीच का?"

मी मान हलवली. नाही म्हणूनच हलवली. त्याला ती कशी दिसली, माहीत नाही.

"तुम्ही वाचले, बरं झालं," तो म्हणाला. "बिलकुल बरं झालं. चहा घेऊन जा."

मी चहा घेतला.

१२ फेब्रुवारी

आठवलं. आठवलं असं म्हणणंही बरोबर नाही. ते होतंच.

तेवीस डिसेंबरला पावणेपाच वाजता मी ऑफिसात होतो. दुसरं एक विमान सुटायचं होतं, त्याचे कागद अडले होते. वरून माणूस येऊन डोक्यावर उभा होता. मोबाइल वाजला. कल्याण.

"सर, त्या मापाचा क्लॅम्प स्टोअरमध्ये न्हाई. एक माप मोठा बसवलाय. मला थोडा सैल वाटून राह्यला. येऊन बघता का?"

मी म्हणालो, "तू बसवलास ना? मग झालं. शिक्का खणात आहे, लाव."

"एक डाव बघितलं असतं तर—"

"कल्याण, लाव म्हटलं ना."

माझा शिक्का टेबलाच्या खणात असतो. खणाला कुलूप नाही. पाळी संपताना कार्डांचा गठ्ठा समोर येतो आणि मी शिक्क्यांवर सह्या करतो. अनोळखी माणसाचं कार्ड असतं तर मी उठून गेलो असतो. कल्याणचं होतं म्हणून गेलो नाही. सगळेच असं करतात. आपल्या माणसाचं काम बघायला जाणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. नवीन आलेल्यांना मीच हे शिकवलं.

संध्याकाळी त्याला फोन केला.

"त्या पहाटे तू मला फोन केला होतास."

"कोणता फोन, सर?"

"कल्याण."

मागे पायल कोणावर तरी ओरडत होती, बहुतेक त्यांच्या मुलावर.

"सर, मी लिहून देऊन टाकलंय. तीन तारखेलाच. तुम्ही बघितलं तेव्हा बरोबर होता, मंग तो मला तुटका वाटला, मी तुम्हाला न विचारता बदलला अन् मोठा बसवला. असं."

"का?"

"तुम्हीच म्हणले ना, घट्ट होता म्हणून. मंग दुसरं काय लिहिणार?" हे तो शांतपणे म्हणाला. "वकील म्हणले, माझं सहा महिने घरी बसण्यावर भागंल. तुमचा परवाना गेला तं ह्या वयात कोण घेतंय तुम्हाला? तृप्तीचं शिक्षण हाय. मला तुम्ही लावलं तिथं."

"मी खरं सांगणार आहे."

"न्हाई सर. हात जोडतो. बिलकुल बोलू नका. एक लिहून दिलंय, ते तसंच राहू द्या."

सहा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नाही म्हटलं. घाबरलाय. मी सांगितलं की त्याच्या मनावरचा भार उतरेल.

१६ फेब्रुवारी

दैवशालाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तो स्वतःहून अंगावर घेतोय ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तृप्तीची परीक्षा चालू आहे. महिनाभर थांबा."

"तारीख चोवीसची आहे."

"मग आठवत नाही म्हणा. खोटं तरी होणार नाही ते."

हे माझ्याही मनात आलं होतं. तिच्या तोंडून ऐकल्यावर राग आला.

२५ फेब्रुवारी, परतूरला परत

काल समितीसमोर गेलो. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षांपुढे टाइप केलेला अहवाल तयार होता. माझ्यासाठी एकच प्रश्न होता.

"तपासणीची सही तुमची आहे?"

"हो. पण मी तपासणी केली नाही."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मी फोनचं सांगितलं, खणाचं सांगितलं. कल्याणला शंका होती आणि त्याने मला बोलावलं होतं, हे दोनदा सांगितलं.

"म्हणजे त्यांचं लेखी निवेदन खोटं आहे."

"त्याने ते माझ्यासाठी—"

"खोटं आहे की नाही?"

"आहे."

ते लिहून घेतलं. मग डावीकडच्या बाई, ज्या तोवर बोलल्या नव्हत्या, त्यांनी विचारलं, "न बघता शिक्का, असं किती वेळा झालं असेल?"

"मोजलेलं नाही. वर्षात साठेक."

त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी अहवालाची पानं सारखी करून बाजूला ठेवली. अर्ध्या तासात मी बाहेर होतो.

रेल्वेत झोप लागली. दीड महिन्यात पहिल्यांदा सलग झोपलो. आता कल्याणचं नाव स्वच्छ होईल.

४ मार्च

दोघांचीही पत्रं आली. माझं इथे, त्याचं बदनापूरला. त्याच्या पत्रातला मजकूर वकिलांनी फोनवर वाचून दाखवला.

माझा परवाना रद्द. हे ठाऊक होतं.

कल्याणला कामावरून काढलं. चुकीचं माप बसवलं म्हणून नव्हे, त्यासाठी ताकीद देऊन सोडलं असतं. चौकशीत जाणूनबुजून खोटं लिहून दिलं म्हणून. ही नोंद वर, सरकारी खात्यात जाते. इथून पुढे कुठलीच विमान कंपनी त्याला हँगरच्या दारात उभं करणार नाही. वकील म्हणाले, "तुम्ही मला विचारायला हवं होतं. आधी त्याचं निवेदन मागे घ्यायला लावलं असतं, दोन ओळींचा अर्ज होता. मग तुम्ही काय हवं ते बोलला असता."

कल्याणचा फोन बंद आहे.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "खरं बोलला, बरं केलं." थोड्या वेळाने, "त्याला विचारलं होतं?"

"नको म्हणाला होता."

"का नको म्हणतो, हे विचारलं होतं?"

ते उठले. "त्याच्या बापाला मी काय तोंड दाखवू?" म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले. दोन तासांनी आले. जेवले नाहीत.

५ मार्च

फोन बंद.

९ मार्च

सकाळी हँगरमधून हरिओमचा फोन. माझ्याच पाळीतला, आता माझ्या जागी बसतो. दबक्या आवाजात बोलत होता. माझ्या शिक्क्याची वर्षभरातली सगळी कार्डं बाहेर काढली आहेत. एकेक विमान उघडून बघत आहेत. काल एकात सापडलं. मागच्या शौचालयाच्या भिंतीआड जुडगा घासून तांबं दिसत होतं. काम कल्याणचं नाही, दुसऱ्याच कोणाचं. विमान त्याच सकाळी दिल्लीहून आलेलं. एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं.

"सर, अजून दोन-चार फेऱ्या झाल्या असत्या तर..." म्हणाला, आणि कोणीतरी आलं म्हणून फोन ठेवला.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतो? जाय, ज्याला सांगायचं त्याला सांग."

दुपारच्या गाडीने बदनापूरला गेलो. कल्याणचं घर मी यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, वास्तुशांतीला. दार पायलने उघडलं. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद. तिने मला ओळखलं. बसा म्हणाली नाही.

"कल्याण आहे का?"

"झोपलेत."

दुपारचे तीन वाजले होते. आतल्या खोलीत खाटेची करकर झाली. कोणी बाहेर आलं नाही.

ती आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच प्यालो. मग तिला सांगितलं. कार्डांचं, सापडलेल्या जुडग्याचं. आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. मी बोललो नसतो तर ते विमान तसंच उडत राहिलं असतं. कल्याणला सांगा, म्हणालो. एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं होती त्यात.

पायलने माझ्या हातातला पेला घेतला.

"आमच्या घरात तिघं हाव, सर," ती म्हणाली.

तिने दार लावलं नाही. तांब्या घेऊन आत गेली, एवढंच. मी थोडा वेळ तिथे उभा होतो. मग स्टेशनवर आलो. परतूरच्या गाडीला अजून पाऊण तास होता.